सहा सारखे अँप बोर्ड, लेव्हल मात्र वेगवेगळी. सुरुवात कुठून करू?

तारांबळ:
नमस्कार मंडळी. टीडीए२०३०ए ही ऑडिओ अँप्लिफायरची आयसी वापरून सहा मोनो बोर्ड बनवलेत, तीन मी भरले तीन मित्राने. पीसीबी सगळे एकाच फाइलवरून आलेत त्यामुळे ट्रॅकमध्ये फरक नाही. सर्किट डेटाशीटमधलंच आहे, दुहेरी सप्लायवालं. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, फिल्टरनंतर लोड नसताना अधिक-उणे १६ व्होल्ट मिळतात. फीडबॅकला आउटपुटपासून पिन २ पर्यंत २२के, तिथून ६८० ओहम आणि त्याच्याखाली २२ मायक्रोफॅरड ग्राउंडला. इनपुटला १ मायक्रोफॅरड आणि पिन १ वरून ग्राउंडला २२के. प्रत्येक बोर्डाच्या आधी स्वतःचा ५०के चा व्हॉल्यूम पॉट. सहा स्पीकर आहेत आणि सगळ्यांना एकच सिग्नल द्यायचाय.

आता गंमत अशी की फोनवरून १ किलोहर्ट्झचा टोन लावला, फोनचा व्हॉल्यूम एकदा ठेवला तो ठेवला, सगळे पॉट फुल, आउटपुटला स्पीकरच्या जागी ८ ओहम १० वॉटचा रेझिस्टर, आणि मल्टीमीटर एसीवर ठेवून मोजलं तर

बोर्ड १, २, ५ : १.६ व्होल्ट
बोर्ड ३, ६ : १.१ व्होल्ट
बोर्ड ४ : ०.० (पण स्पीकर लावून कान जवळ नेला की टोन ऐकू येतो, अगदी बारीक)

शिवाय हा ४ नंबर नुसता चालू ठेवला, इनपुटला काहीही नाही, तरी हीटसिंक तापतो. ३ आणि ६ ला एकच आजार असणार हे नक्की, कारण आकडा तंतोतंत तोच. त्या दोघांच्या आयसी बदलून झाल्या, फरक शून्य. मित्र म्हणतोय सगळ्यांना प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर) टाकू आणि लेव्हल जुळवून मोकळे होऊ. मला ते पटत नाही पण माझ्याकडे दुसरं उत्तरही नाही.

धूरसम्राट:
आयसी डुप्लिकेट आहेत, दुसरं काही नाही. टीडीए२०३० मध्ये नकली माल इतका फिरतो की अस्सल मिळाली तर फोटो काढून ठेवावा. बदलून ज्या टाकल्या त्याही त्याच लॉटच्या असणार ना? मग फरक कसा पडेल. वेगळीकडून आणा आणि टाका.

ओहमकार:
डुप्लिकेट असतीलही हो, पण ही तक्रार त्यामुळे नाहीये. एकाच लॉटच्या नकली आयसी असत्या तर सहाही बोर्ड बिघडले असते, तीन बोर्ड १.६ वर छान एका रांगेत कसे काय बसले? उगाच आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नको व्हायला.

तारांबळ, या सर्किटमध्ये लहान सिग्नलला किती गेन (आउटपुट इनपुटच्या किती पट) मिळणार हे आयसीच्या हातातच नसतं, ते दोन रेझिस्टर ठरवतात. १ अधिक २२०००/६८०, म्हणजे ३३.३५ पट, डीबीमध्ये ३०.५. आयसीचा स्वतःचा ओपन लूप गेन (फीडबॅक नसतानाचा) डेटाशीटप्रमाणे ८० डीबीच्या घरात, म्हणजे दहा हजार पट. तो एखाद्या आयसीत निम्मा निघाला तरी आउटपुटला फरक अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो, कारण फीडबॅक त्याला ओढून जागेवर आणतो. नकली आयसी पकडली जाते ती आवाज चढवल्यावर, लवकर क्लिप होते (सप्लायला टेकून लहरीची टोकं कापली जातात), करंट देता देता गळाठते, तापून बंद पडते. तुमची चाचणी आहे दीड व्होल्टाची, ८ ओहमवर म्हणजे एक तृतीयांश वॉट. एवढं तर कसलीही आयसी देईल.

रेझिस्टरच्या टॉलरन्सवर (छापील किमतीपासूनच्या फरकावर) ढकलायचं म्हटलं तर तेही बसत नाही. दोन्ही रेझिस्टर ५ टक्केवाले धरले आणि दोन्ही वाईटात वाईट दिशेला गेले असं समजलं तरी गेन ३०.३ ते ३६.८ च्या मध्ये राहतो, म्हणजे वर पाऊण-एक डीबी आणि खाली तेवढाच. १ टक्केवाले असतील तर ०.१७ डीबी. तुमचा फरक १.६ आणि १.१ चा, सव्वातीन डीबी होतो. हा टॉलरन्स नाही, काहीतरी चुकीचं बसलंय किंवा बसलेलं लागलेलं नाही.

तर आता आयसीला हात लावू नका. एवढंच करा: इनपुट लहान ठेवून (५० मिलिव्होल्टच्या आसपास) पिन १, पिन २ आणि पिन ४ वर एसी मोजा. पिन १ म्हणजे सिग्नल येतो ती, पिन २ फीडबॅकची, पिन ४ आउटपुट. ठीक चालणाऱ्या बोर्डात पिन १ आणि पिन २ वर तोच आकडा दिसला पाहिजे, लूपचं कामच ते आहे. पिन १ वरच कमी येत असेल तर दोष पॉट, वायर, इनपुट कपॅसिटर यांच्यापैकी कुठेतरी, आयसीपर्यंत जायचं कारणच नाही. पिन १ बरोबर, पिन २ पण तेवढंच आणि आउटपुट तेवढं वेगळं, तर फीडबॅकच्या भागांची किंमत वेगळी आहे. आणि पिन १ व २ मध्ये फरक असेल तर लूप तुटलाय, आयसी गेलीय किंवा आउटपुट क्लिप होतंय. पिन २ वर प्रोब थेट टेकवू नका, प्रोबच्या कपॅसिटन्सने भलं चाललेलं बोर्डही ओरडायला लागतं, टोकाला १० के चा रेझिस्टर धरून त्यातून मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

भोंगेवाला:
ओहमकार यांचं सगळं बरोबर, पण त्याच्याही आधी मीटर बघा! "१.६", "१.१", "०.०" हे आकडे वाचूनच मला वाटतंय की हा तो छोटा पिवळा मीटर आहे ज्यात एसीच्या दोनच रेंज असतात, २०० आणि ७५०. हो ना? २०० च्या रेंजवर त्याची सगळ्यात छोटी पायरी ०.१ व्होल्टची, म्हणजे ५० मिलिव्होल्ट त्याला दिसणारच नाहीत आणि तुमचा ४ नंबर "०.०" दाखवतोय त्याचा अर्थ तिथे शून्य आहे असा होत नाही. वर असल्या मीटरची एसी रेंज घरच्या मेन्सची फ्रिक्वेन्सी डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असते, चारपाचशे हर्ट्झच्या पुढे तो काय दाखवेल याचा भरवसा कंपनीच देत नाही. १ किलोहर्ट्झला सहा बोर्डांची आपापसात तुलना करायला चालेल एक वेळ, कारण चूक सगळीकडे सारखी होईल. पण आकडा म्हणून धरू नका.

दुसरं, फोन दोन चॅनलचा आणि तुमचे बोर्ड मोनो, मग डावं उजवं एकत्र कसं केलंय? सरळ जोडलं असेल तर ते वाईट, आणि दोन १०के मधून जोडलं असेल (बरोबर पद्धत तीच) तर सोर्स इंपिडन्स ५के झाला. एका बोर्डाचं इनपुट ५०के चा पॉट आणि २२के समांतर, म्हणजे पॉट फुल असताना १५के. सहा बोर्ड एकदम जोडले की तेच अडीच के वर येतं. म्हणजे एक बोर्ड एकटा जोडून मोजला आणि दुसरा सगळ्यांबरोबर जोडलेला असताना मोजला तर बोर्डात काहीही दोष नसताना सातेक डीबीचा फरक येईल. कसं मोजलंत ते लिहा.

आणि हो, फोनचा व्हॉल्यूम नक्की कुठे होता? बरेच फोन फुलवर अर्धा ते एक व्होल्ट देतात. या अँपला अधिक-उणे १६ वर साधारण पाव व्होल्टाच्या थोडं पुढे गेलं की क्लिपिंग सुरू. एवढा सिग्नल दिला की चांगला बोर्ड पण छताला टेकतो आणि कमी गेनवाला पण टेकतो, सगळे आकडे एकसारखे दिसतात आणि आपण खूश. तुमचे वेगळे दिसले म्हणजे त्या बाबतीत तरी नशीब.

तारांबळ:
मीटर तोच आहे, पिवळा 😅 डावं उजवं दोन १०के मधूनच घेतलंय. मोजताना प्रत्येक वेळी एकच बोर्ड जोडला होता, बाकीचे काढलेले, त्यामुळे तो सात डीबीवाला घोळ नसावा. मित्राला त्याच्या लॅबमध्ये ऑसिलोस्कोप आणि सिग्नल जनरेटर वापरता येतो, तिकडे घेऊन जातो सगळं. काय काय मोजायचं ते एकदाच सांगा, परत परत जायला मिळणार नाही.

ओहमकार:
जनरेटर मिळतोय तर मग मजाच. पिन १ वर बरोबर ५० मिलिव्होल्ट आरएमएस येतील असं जनरेटर सेट करा (जनरेटरवरचा आकडा बघून नाही, पिन १ वर मोजून), डमी लोड तोच ठेवा (८ ओहमचा रेझिस्टर), आणि प्रत्येक बोर्ड तीन फ्रिक्वेन्सीला मोजा: १०० हर्ट्झ, १ किलोहर्ट्झ, १० किलोहर्ट्झ. आउटपुटला १.६७ च्या जवळपास यायला हवं.

तीन ठिकाणी का, तर रेझिस्टर चुकीचा असेल तर गेन तिन्हीकडे सारखाच कमी किंवा सारखाच जास्त येतो, रेझिस्टरला फ्रिक्वेन्सीचं सोयरसुतक नाही. कपॅसिटर चुकीचा किंवा वाळलेला असेल तर आकडा फ्रिक्वेन्सीप्रमाणे वाकतो. एकाच फ्रिक्वेन्सीला मोजून दोन बोर्डांचा आजार एकच आहे असं म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं, ३ आणि ६ बद्दल मी अजून काहीही धरून चाललेलो नाही.

४ नंबरला स्कोप लावा तेव्हा टाइमबेस वेगात ठेवूनही बघा. इनपुटशिवाय तापतोय म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्ट्याच्या बऱ्याच वर ऑसिलेट होत असणार, म्हणजे इनपुट नसताना स्वतःच लहरी काढत असणार. आउटपुटला जो १ ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड मालिकेत ग्राउंडला आहे त्यातला १ ओहम तापलाय का बघा, सप्लाय बंद करून मगच बोट लावा, चटका बसला तर खात्रीच समजा.

धूरसम्राट:
आवाज चढवल्यावर नकली आयसी उघडी पडते हे तुम्हीच लिहिलंत ना, मग मी काय वेगळं म्हणत होतो 😄 लॅबमध्ये जाताच आहात तर सगळ्यांना क्लिपिंगपर्यंत नेऊनही बघा, माझा मुद्दा तिथे दिसेल.

तारांबळ:
आलो जाऊन. पिन १ वर ५० मिलिव्होल्ट पक्के ठेवले होते, आउटपुट आरएमएसमध्ये, क्रम १०० हर्ट्झ / १ किलो / १० किलो.

१ : १.65 नाही, मराठीतच लिहितो, १.६५ / १.६६ / १.६६
२ : १.६६ / १.६७ / १.६७
३ : १.१४ / १.१५ / १.१५
५ : १.६४ / १.६५ / १.६५
६ : ०.१६ / १.१४ / १.६५

६ नंबर बघून आम्ही दोघंही चाट पडलो. १ किलोहर्ट्झला ३ चा जुळा भाऊ आणि १०० ला दहा पट खाली! आधी वाटलं प्रोब सुटलाय. आता कळतंय की गाणं लावल्यावर हाच बोर्ड पत्र्यासारखा का वाजत होता, आम्ही स्पीकरला शिव्या देत होतो.

४ नंबर: आउटपुटवर सगळी केसाळ लहर, इनपुट काढलं तरी तशीच. इनपुट दिलं की त्या केसांच्या आत १ किलोहर्ट्झ दिसतो पण उंची जेमतेम इनपुटएवढीच. म्हणजे गेन १?? १ ओहमवाला रेझिस्टर काळा पडायला आलाय. मध्येच बोर्डाला धक्का लागला तर क्षणभर पूर्ण आवाज येऊन परत गेला.

पिन २ सगळीकडे (४ सोडून) ५० च दाखवत होती, १०के मधून मोजलं.

ओहमकार:
वा, काय सुंदर आकडे आणलेत. आता एकही पार्ट न काढता सांगता येतं.

३ नंबर: तिन्हीकडे सपाट १.१५. भागिले ५० मिलिव्होल्ट, गेन २३. एक वजा केला की २२ उरले, आणि फीडबॅकला २२के आहे, म्हणजे खाली बरोबर १के बसलाय. ६८० च्या जागी. रंग बघा: ६८० असेल तर पाच पट्ट्यांमध्ये निळा, राखाडी, काळा, काळा, तपकिरी. १के असेल तर तपकिरी, काळा, काळा, तपकिरी, तपकिरी. निळ्या अंगाच्या मेटल फिल्म रेझिस्टरवर रंग धड दिसत नाहीत, त्यामुळे सप्लाय बंद करून मीटरने थेट रेझिस्टरच्या दोन टोकांवर मोजा, खाली कपॅसिटर मालिकेत असल्यामुळे बोर्डावरच बरोबर वाचन मिळेल, फक्त मीटर स्थिर व्हायला एक क्षण द्या.

६ नंबर: वरच्या फ्रिक्वेन्सीला पूर्ण गेन म्हणजे रेझिस्टर दोन्ही ठीक. खाली कोसळतोय म्हणजे कपॅसिटर. आता तो इनपुटचा १ मायक्रोफॅरड की फीडबॅकचा २२? पिन १ वर तुम्ही ५० मोजून ठेवलेत, मग इनपुटचा आपोआप बाद. उरला फीडबॅकचा. २२ मायक्रोफॅरड आणि ६८० ओहम मिळून कोपरा (ज्या फ्रिक्वेन्सीच्या खाली गेन घसरायला लागतो ती) साधारण १०.६ हर्ट्झला येतो, म्हणून चांगल्या बोर्डांत १०० हर्ट्झलाही काही जाणवत नाही. तुमच्या आकड्यांवरून मात्र कोपरा १ किलोहर्ट्झच्या जवळ सरकलेला दिसतोय, म्हणजे कपॅसिटर शंभर पटीने लहान. गणित करून बघितलं, ०.२२ मायक्रोफॅरड धरला तर १ किलोहर्ट्झला गेन २२.९ येतो आणि १०० ला ३.३, म्हणजे १.१४ आणि ०.१६. तुमचेच आकडे. २२ आणि ०.२२ चे इलेक्ट्रोलिटिक अंगाने सारखेच असतात हो, तीच बारकी काळी नळी. डब्यावर काय छापलंय ते वाचा.

४ नंबर: आउटपुट इनपुटएवढंच म्हणजे ६८० आणि कपॅसिटरची ती संपूर्ण फांदी ग्राउंडपासून तुटलेली, गेनच्या सूत्रातला दुसरा तुकडा गायब, उरला १. आणि टीडीए२०३०ए ला कमी गेन सोसत नाही, डेटाशीटमध्ये क्लोज्ड लूप गेन (फीडबॅकसकटचा) २४ डीबीच्या वर ठेवा असं लिहिलंय, इथे तो शून्य डीबीवर आलाय, मग ओरडणारच आणि तापणारच. धक्क्याने आवाज परत येतो म्हणजे पार्ट जिवंत आहे, ड्राय सोल्डर आहे. लाकडी काडीने एकेक पाय हळूच दाबत जा, सापडेल. तो १ ओहमचा रेझिस्टर पण बदला, एकदा भाजला की त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

रिकामा_खोका:
मी नुसता वाचक आहे पण एक शंका. १०० हर्ट्झला बास गेला म्हणताय तर ज्याला स्कोप मिळत नाही त्याने काय करायचं? लॅपटॉप चालेल का

भोंगेवाला:
चालेल की. ऑडॅसिटीमध्ये टोन तयार करायची सोय आहे, जनरेट मेन्यूत, तिन्ही फ्रिक्वेन्सीचे दहा दहा सेकंदांचे तुकडे करा आणि हेडफोनच्या आउटपुटमधून द्या. मोजायला लॅपटॉपच्या लाइन इनपुटमध्ये अँपचं आउटपुट आणायचं, पण थेट नाही!! मध्ये १० के आणि १ के चा डिव्हायडर टाका, नाहीतर अँपने चुकून जोर केला किंवा आउटपुटला डीसी आला तर साउंड कार्ड गेलं समजा. माइकच्या भोकात तर अजिबात नको, तिथे नॉइज कमी करणारी, लेव्हल आपोआप वरखाली करणारी काय काय भानगड चालू असते, चार डीबीचा फरक ते गिळून टाकेल. खरे व्होल्ट कळणार नाहीत, पण आपल्याला बोर्डांची आपापसातली तुलना हवीय, ती डीबीत चोख मिळते. आधी आउटपुटचं इनपुटला सरळ लूप करून तिन्ही टोन रेकॉर्ड करा म्हणजे कार्डाचा स्वतःचा स्वभाव कळेल.

फक्त १०० हर्ट्झला मोजायचं असेल तर साधा मीटरही पुरतो, पण व्होल्टची लहान एसी रेंज असलेला, २०० वाला नाही.

तारांबळ:
ओहमकार साहेब, दंडवत! ३ नंबरमध्ये १के च निघाला. मित्राला विचारलं तर शांतपणे म्हणतो "६८० चे कमी पडले होते, जवळपासचा टाकला". जवळपासचा!! ६ नंबरच्या कपॅसिटरवर अगदी बारीक अक्षरात ०.२२ छापलंय, तो भाग नेमका ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला तोंड करून बसलेला त्यामुळे वरून दिसतच नव्हता. पाकिटातले उरलेले बघितले तर त्यात अजून एक ०.२२ सापडला, म्हणजे पाकिटातच मिसळून आलेत.

४ नंबरला कपॅसिटरच्या ग्राउंडच्या पायाला सोल्डर नुसतं भोवती बसलेलं, राखाडी, दाणेदार, पायाला धरलंच नव्हतं. ग्राउंडचा ट्रॅक तिथे मोठा पसरलेला आहे, उष्णता सगळी तोच खाऊन टाकतो. फ्लक्स लावून मोठ्या टोकाने परत केलं.

तिन्ही बोर्ड आता १०० हर्ट्झपासून वर १.६४ ते १.६८ मध्ये आहेत. ४ नंबर आता थंडगार.

क्लिपिंगपर्यंतही नेलं धूरसम्राट, ५ नंबर बाकीच्यांपेक्षा आधी चपटा होतोय. बाकी सगळे ९ व्होल्ट आरएमएसच्या आसपास, हा साडेसातलाच, आणि वरची बाजू खालच्यापेक्षा आधी कापली जाते.

धूरसम्राट:
आली का नकली आयसी बाहेर 😎

ओहमकार:
थांबा हो, एकच बाजू आधी कापतेय. त्या वेळी ५ नंबरच्या पिन ५ वर, म्हणजे अधिक सप्लायच्या पिनवर, लोड चालू असताना डीसी किती आहे ते मोजा, आणि तेच १ नंबरवर मोजा. पिनवरच मोजा, फिल्टर कपॅसिटरपाशी नाही. लहान सिग्नलला सारखे आणि मोठ्याला वेगळे म्हणजे संशय सप्लाय, लोड, आयसी यांच्यावर जातो, आणि त्यात सप्लाय बघायला फुकट आहे, आयसी बदलायला नाही.

तारांबळ:
१ नंबरला लोडवर १४.३ आणि ५ नंबरला ११.९. उणे बाजू दोघांची सारखी. सप्लायची लाल वायर एका बोर्डावरून दुसऱ्यावर अशी साखळीने नेलीय आणि ५ च्या स्क्रूवाल्या कनेक्टरमध्ये वायरचे निम्मे धागे बाहेरच राहिलेत. घट्ट केलं, ९ व्होल्ट झाले.

धूरसम्राट:
बरं. पुढच्या वेळी.

तारांबळ:
हाहा. आता शेवटचं दुखणं. पॉट फुल असताना सगळे सारखे, पण पॉट मधोमध आणले की २ आणि ४ बाकीच्यांपेक्षा बऱ्यापैकी मोठे वाजतात. बोर्ड तर आता सगळे ठीक आहेत. की इथे तरी मित्राचं ऐकून प्रीसेट टाकू? तो फीडबॅकच्या २२के च्या जागी प्रीसेट टाका म्हणतोय.

भोंगेवाला:
त्या दोन पॉटवर काय लिहिलंय बघा, बी५०के असणार आणि बाकीच्यांवर ए५०के. सध्या जे पॉट सर्रास मिळतात त्यात ए म्हणजे लॉग आणि बी म्हणजे लिनियर (काही जुन्या युरोपियन मालात उलटं असतं, त्यामुळे शंका आली तर मधोमध ठेवून मोजून बघावं). मधोमध लिनियर निम्मा असतो आणि लॉग दहा ते पंधरा टक्क्यांवर. तुमच्या २२के चं ओझं धरून हिशोब केला तर लिनियर वजा १० डीबीला आणि लॉग वजा १९ ते २२ ला येतो. म्हणजे ९ ते १२ डीबीचा फरक. फुलवर दोघेही शून्य, म्हणून तिथे कळत नाही.

सगळे ए आणले तरी मधल्या जागी तंतोतंत जुळतील अशी आशा ठेवू नका. कार्बनच्या पॉटची एकूण किंमतच २० टक्के इकडेतिकडे असते आणि खालच्या भागात तर एकाच दांड्यावरच्या दोन ट्रॅकमध्येही दोन-तीन डीबी सहज निघतात. सहा स्पीकर आणि एकच सिग्नल असेल तर सहा पॉट हवेत कशाला? एकच मास्टर पॉट, त्याच्यामागे एनई५५३२ किंवा टीएल०७२ चा साधा बफर (सिग्नल तेवढाच ठेवून पुढचं ओझं पेलणारा), आणि बफरमधून सहा बोर्ड. सहा इनपुट मिळून साडेतीन के च्या वरच राहतात, दोन्ही आयसींना ते सहज झेपतं.

ओहमकार:
भोंगेवाल्यांना अनुमोदन. आणि फीडबॅकमध्ये प्रीसेट मुळीच नको. प्रीसेटचा सरकता पाय कधीतरी धूळ-गंजाने सुटतोच. तो २२के च्या जागी सुटला तर लूप उघडा, आउटपुट सरळ सप्लायच्या एका टोकाला जाऊन चिकटणार, आणि १३-१४ व्होल्ट डीसी ८ ओहमच्या स्पीकरमध्ये म्हणजे वीसेक वॉट नुसती उष्णता, कॉइल जळाली. ६८० च्या जागी सुटला तर तुमचा जुना ४ नंबर परत. बारीक जुळवणी करायचीच असेल तर इनपुटला करा, बफर आणि बोर्डाच्या मध्ये ४.७के मालिकेत आणि पिन १ च्या २२के ऐवजी १८के अधिक १०के चा प्रीसेट, दोन टोकांचा रेझिस्टर म्हणून जोडलेला. त्यातून साधारण अर्ध्या डीबीचाच खेळ मिळतो, पण १ टक्के रेझिस्टर लावल्यावर तुम्हाला तेवढाही लागणार नाही. आणि तो पाय सुटला तर इनपुटला डीसीचा रस्ता जातो, म्हणून प्रीसेटला समांतर ४७के कायमचा ठेवा.

तारांबळ:
२ आणि ४ वर बी च आहे. मास्टर पॉट आणि बफर करतो, एनई५५३२ पडलीय घरात. मित्राला प्रीसेटचं वाचून दाखवलं, "बरं" म्हणाला.

रिकामा_खोका:
माझे पण एलएम३८६ या छोट्या अँप आयसीचे दोन बोर्ड आहेत, एक दुसऱ्याच्या दहा पट मोठा वाजतो, हेच असेल का?

ओहमकार:
तुमचं सोपं आहे. पिन १ आणि ८ च्या मध्ये काही नसेल तर त्याचा गेन २०, आणि १० मायक्रोफॅरड टाकला तर २००. एका बोर्डावर तो कपॅसिटर असेल, दुसऱ्यावर नसेल किंवा लागलेला नसेल. तेवढं बघा, नाही जमलं तर नवीन धागा काढा आणि फोटो टाका, दोन्ही बाजूंचे.